आत्ता नको, कॉर्नर आहे

कपाट आवरताना डांबरगोळ्यांचा वास लागलेली, मलाही मिळालेली सत्काराची शाल हाती आली आणि ठाण्याचं ते मैदान आठवलं. एक निवृत्त जपानी फुटबॉल बचावपटू पाहुणे म्हणून आलेले आणि मी डोंबिवलीहून दुभाषी म्हणून गेलेले. समोर पोरांची मॅच, मंचावर सत्कार. पाहुण्यांच्या अंगावर शाल, मांडीवर नारळ, पण गुडघा सारखा हलत होता. निवेदकाने विचारलं, "सर, कारकिर्दीतला सर्वांत मोठा क्षण?" मी जपानीत विचारलं, तर मैदानावरची नजर न काढता ते म्हणाले, "आत्ता नको, कॉर्नर आहे." लगेच ते ताडकन उठून ओरडले, नारळ घरंगळला आणि मीही सवयीने माईकवर भाषांतर करून टाकलं, "अरे, मागे बघ, मागे!" मंचावरची सगळी मंडळी दचकून मागे वळली. गोलपाशी उभा पोरगाही वळला, त्याला मागे मोकळा सुटलेला समोरच्या संघाचा खेळाडू दिसला आणि त्याने बॉल बाहेर मारला. गोल झाला नाही, त्यामुळे टाळ्याही नाहीत. "हा क्षण लिहा," ते बसत म्हणाले, पण गुडघा थांबला नव्हता. मी सारखी मागे बघत राहिले, म्हणून माझ्याही घरात इतकी वर्षं काही वाईट झालेलं नाही. त्याबद्दल टाळ्या कोण वाजवणार? बसल्या जागी माझाही गुडघा तेवढा हलत असतो.