वसुधाताईंचे आठ महिने

वसुधाताई कुणालाही पहिल्यांदा भेटल्या की जन्मतारीख विचारायच्या. वेस्ट विंडसरच्या आमच्या मराठी मंडळात साठी ओलांडलेले लोक त्यांना पाहिलं की दुसऱ्या टेबलाकडे वळत. मीही वळायचे.

औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर दर मंगळवारी त्या वाचनालयात बसून लोकांना मेडिकेअरचे, म्हणजे पासष्टीनंतरच्या सरकारी विम्याचे, नियम समजावून देत. आवाज इतका हळू, की ऐकायला वाकावं लागे. "नियम आपल्यावर ओरडत नाही ग," त्या म्हणायच्या, "नुसता थांबवून ठेवतो."

यामागे त्यांचे यजमान अरविंदराव होते. सत्तरीला आल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि कोब्रा घेतला, म्हणजे कंपनीचाच विमा स्वतःच्या खर्चाने पुढे चालू ठेवला. विमा आहे म्हणून ते निर्धास्त राहिले. नोकरी सुटल्यावर आठ महिन्यांत मेडिकेअरमध्ये नाव घालावं लागतं, आणि कोब्रा असला तरी ती मुदत वाढत नाही, हे कळलं तेव्हा मुदत उलटून गेली होती. जन्मभराचा दंड बसलाच, पण त्याहून वाईट होतं ते थांबणं. त्या वेळी उशिराचा अर्ज जानेवारीत घेत आणि विमा जुलैत सुरू होई. मधल्या काळात मेडिकेअरने उचलायचा खर्चाचा मोठा वाटा द्यायला कोब्रावाले तयार नव्हते. मे महिन्यात अरविंदरावांच्या छातीत जड वाटू लागलं. ते कुणाला बोलले नाहीत. जूनमध्ये टोमॅटोच्या रोपांना पाणी घालताना कोसळले, ते उठलेच नाहीत. नंतर एका हृदयतज्ज्ञाकडून फोन आला. जुलैच्या दोन तारखेची अपॉइंटमेंट त्यांनी गुपचूप घेऊन ठेवली होती.

गेल्या वर्षी माझा नवरा सुधीर सदुसष्टाव्या वर्षी लेऑफमध्ये सापडला. आम्हीही कोब्राच घेतला होता. नोव्हेंबरात एके सकाळी त्याच्या लघवीतून रक्त गेलेलं मला दिसलं. विचारलं तर म्हणाला, उष्णता असेल. मंगळवार होता. मी तशीच वाचनालयात गेले.

ताईंनी फक्त नोकरीचा शेवटचा दिवस विचारला. मार्चमधला, मी म्हणाले. त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि पुन्हा मोजले.

"हा महिना संपला की दार बंद," त्या म्हणाल्या. "बारा दिवस आहेत. त्यात थँक्सगिव्हिंगची सुट्टी."

इतकी वर्षं नोकरीतला विमा होता, असं जुन्या कंपनीने लिहून द्यायला हवं होतं. एचआरमध्ये फोन कुणी उचलेना. तीन दिवस गेले तेव्हा ताई माझ्या गाडीत येऊन बसल्या. "समोर बसलेल्या म्हातारीला नाही म्हणणं जड जातं," म्हणाल्या. कंपनीच्या लॉबीत आम्ही सकाळपासून तीन वाजेपर्यंत बसलो. सही मिळाली. सोमवारी सरकारी कचेरीत अर्ज दिला आणि शिक्का बसलेली पावती घेऊन बाहेर आलो. गाडीत ताई पावतीवरची तारीख पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. तुम्हाला तर हे सवयीचं झालं असेल, मी म्हणाले.

"छे ग. दर वेळी वाटतं, एखादा नियम माझ्या वाचनातून सुटलाय. आणि तो माणूस माझ्या भरवशावर घरी स्वस्थ बसलाय."

डिसेंबरच्या एक तारखेला सुधीरचा विमा सुरू झाला. त्याच आठवड्यात मूत्राशयात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. आता दर तीन महिन्यांनी आत दुर्बीण घालून तपासतात, आणि निकाल येईपर्यंत आम्ही दोघं घरात हळू आवाजात बोलतो.

या वसंतात ताई मुलीकडे, पश्चिम किनाऱ्याजवळच्या बॉथेलला राहायला गेल्या. निरोप घ्यायला आल्या तेव्हा सुधीरजवळ बसल्या. "घाबरायला हरकत नाही," त्याला म्हणाल्या, "पण हिला सांगत जा. आमच्यांनी मला सांगितलं नाही."

 परवा तपासणीला गेलो तेव्हा हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये सुधीरने इंजिन बंद केलं, पण दार उघडलं नाही. समोर बघतच म्हणाला, "मला भीती वाटतेय."

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. हे वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "मलाही," मी म्हणाले, आणि मग आम्ही आत गेलो.