सटाण्याच्या बाईचा नंबर

माझ्या बायकोने मला फसवलं. मुंबईच्या महालक्ष्मीला नवस बोललेय म्हणून घेऊन गेली आणि नेलं एका हॉस्पिटलात, स्कॅनच्या खोलीबाहेरच्या बाकावर. हा राग मी वर्षभर मनात धरून होतो.

लघवीतून रक्त जात होतं. नाशिकच्या डॉक्टरांनी शिरेत औषध टोचून एक्स-रे काढले आणि म्हणाले, डाव्या किडनीवर फुगवटा दिसतोय, खडा वाटत नाही. तेव्हा मुंबईला स्कॅन करा, आत काय आहे ते नीट दिसल्याशिवाय सर्जन हात लावणार नाहीत. तसलं मशीन तेव्हा नाशकात आलेलं नव्हतं. मी कांद्याचा व्यापारी. शेतकऱ्याने ढीग कितीही छान रचलेला असो, कोपरापर्यंत हात घालून तळाचा कांदा काढल्याशिवाय मी भाव बोलत नाही. पण डॉक्टरांचं ऐकून मला वाटलं, यांचं आणि मुंबईच्या स्कॅनवाल्यांचं साटंलोटं आहे. मी तिथेच भांडलो, घरी आलो आणि खडा विरघळवणाऱ्या वैद्याच्या पुड्या सुरू केल्या. बायको काही बोलली की ताट भिरकावत होतो. म्हणून तिने देवीचं नाव घेतलं. देवीला मात्र मी कधी नाही म्हटलेलं नाही.

त्या बाकावर बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

"हे महालक्ष्मीचं देऊळ का?" मी विचारलं.

"देवळात नंतर जाऊ. आधी आत चला."

"म्हणजे नवस खोटा."

"खोटा. लागू दे पाप मला. तुम्ही आत चला, अहो."

मी उभा राहून ओरडायला लागलो. तिच्या माहेरापासून सुरुवात केली. तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं. दारातला माणूस म्हणाला, "काका, भांडण खाली जाऊन करा. येताय, की पुढचा नंबर घेऊ?"

"घ्या पुढचा," मी म्हणालो.

पुढचा नंबर शेजारी बसलेल्या एका म्हातारीचा होता. नऊवारी, हातात कापडी पिशवी, सोबत कोणी नाही. ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. "भाऊ, तू जाय पहिले. मी थांबस. तुनी बायको रडी राहिनी." अहिराणी बोलण्यावरून सटाण्याकडची वाटली. मी हललो नाही, तर हसली. "मना पोटमा जे शे, ते कोठे पळी जास?"

परक्या बाईसमोर लाज वाटली म्हणून मी आत गेलो. श्रद्धेने नाही.

बाहेर आलो तेव्हा ती तिथेच बसली होती. थोड्या वेळाने दारातला माणूस येऊन म्हणाला, मशीन बंद पडलंय, कधी सुरू होईल सांगता येत नाही, पुढच्या आठवड्यात चौकशी करा. बाकीचे लोक कुरकुरत उठले. ती पिशवी सावरत माझ्याकडे वळली. "जयं का भाऊ तुनं?" झालं का, एवढंच विचारत होती. मी बायकोवरच्या रागात तोंड फिरवून बसलो. मग ती गेली.

स्कॅनमध्ये डाव्या किडनीत कॅन्सरची गाठ दिसली. मोठ्या शिरेत उतरलेली नव्हती, दुसरी किडनी चांगली होती. सर्जननी किडनी काढली. म्हणाले, खडा समजून आणखी वेळ घालवला असता तर आमच्या हातात काही उरलं नसतं. आज मी पुन्हा बाजारात उभा आहे.

बायको सगळ्यांना सांगते, ती म्हातारी म्हणजे देवीच होती. ऐकणारे हात जोडतात. काही महिने मीही तसंच सांगत होतो. सांगताना बरं वाटायचं. एकदा सटाण्याच्या कांदा लिलावात तिच्यासारख्याच अहिराणीत कोणीतरी हाक मारली आणि मी हातातला कांदा खाली ठेवला. देवीला कुठे पोटाचा आजार असतो, आणि देवी कशाला पुढच्या आठवड्यात चौकशीला जाईल? ती आजारी बाई होती. माझ्या आरडाओरड्यामुळे तिचा नंबर गेला. तिला देवी म्हटलं की तिचं पुढे काय झालं, हे विचारायची गरज उरत नाही. मी तिचं नावही विचारलं नव्हतं. आता सटाण्यात कुणाला काय विचारणार?

बायकोवरचा राग तिथेच संपला. तिने पाप ओढवून घेऊन मला जगवलं. मी मात्र काहीच न देता जगलो.

परवा चांदवडला रेणुकेच्या पायरीवर गेलो. आयुष्यभर या देवीशीही घासाघीस केली, हे कर म्हणजे ते वाहीन. या वेळी नवस बोललो नाही. म्हटलं, आई, उरलेलं आयुष्य तुझं, हवं तेव्हा ने, मी हुज्जत घालणार नाही. बायको शेजारी ओटी भरत होती. मी पुढचं बोलायला लागलो तसा तिने माझा हात दाबला, देवीला असं बोलतात का म्हणून. पण मी बोललो. आई, त्या सटाण्याच्या बाईचा नंबर तू मला दिलास. मग तिचं काय केलंस, ते सांग.