करवंटीभर सोडलेलं पाणी

रावजीकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुरतेत, कामाच्या घरी पालक निवडत होते. सूर्यमाळच्या आमच्या पाड्यावर रेंज नाही, फोन करायचा तर टेकाडावर चढावं लागतं, म्हणून भाऊ धापा टाकतच बोलत होता. "ताई, काका गेलं... दम लागला, मोखाड्याला नेईस्तोवर संपलं." मी म्हटलं, निघते. तर म्हणाला, "तू नको निघू. गाडीत बसायचं नाय सांगितलंय ना डाक्टरनी?" सातवा महिना आहे. आधीची दोन राहिली नाहीत. काकांना माती दिली, आणि मी इथेच.

काका आमच्या पाड्यावरचे एकटेच येशूच्या प्रार्थनेचे. बाकी आम्ही सगळे हिरवा देवाला, वाघोबाला मानणारे. पाचवीनंतर भावंडं सांभाळायला माझी शाळा सुटली, तेव्हा आलेलं वाचणं विसरू नये म्हणून काकांनीच मला धरून बसवलं. कुठे, तर डवऱ्यावर. उन्हाळ्यात विहीर आटली की ओहोळाच्या वाळूत खड्डा खणायचा, पाणी पाझरेपर्यंत काठावर बसायचं आणि करवंटीने हंडा भरायचा, तो डवरा. त्या बसण्याच्या वेळात काका त्यांचं शास्त्र उघडायचे आणि माझ्याकडून एकेक ओळ वाचून घ्यायचे. बायका चेष्टा करायच्या. माझी जनाकाकू तर तोंडावर विचारायची, "भावजी, तुमचा देव पाणी आणील का?" काका म्हणायचे, "पाणी म्हायत नाय वहिनी, पण तुमाला रांग मोडू देणार नाय." रांग मोडण्यात काकूचा हात धरणारी कुणी नव्हती, त्यामुळे सगळ्या हसायच्या. आज दवाखान्याचा कागद माझी मी वाचते, ते त्या बसण्यामुळे.

शेवटची भेटही तिथलीच, या उन्हाळ्यातली. मला तिसरा महिना लागला होता आणि रात्रंदिवस धाकधूक. लहानपणी काकांच्या शास्त्रात वाचलेली एक जागा डोक्यात फिरत होती. शत्रू चालून आलेला, राजा घाबरलेला, आणि संदेष्टा त्याला सांगतो, बाळ जन्माला येईल, हीच तुझी खूण. पुढे तर एका बाळाला देवाचंच नाव दिलेलं. मी म्हटलं, "काका, ती जागा माझ्यासाठी वाचा ना. बाळ येईल असं लिहिलंय ना त्यात?"

काका म्हणाले, "ज्यांचं हे शास्त्र मुळात, ते यहुदी म्हणतात, हे त्याच काळातल्या राजाच्या घरचं पोर. आम्ही म्हणतो, येशू. देवच पोर होऊन आला."

"मग खरं कुणाचं?"

"हा डवरा खणला कुणी? सकाळी तुझ्या काकूनी. तिचा हंडा भरला, म्हणून पाझर थांबला का? त्या राजाला त्याच्यापुरतं घोटभर मिळालं. पण भरून आलं ते येशूत. यावर मी जीव पणाला लावीन. पण पोरी, तुझ्या पोटाकडं बोट दाखवून त्यातलं वचन तुला काढून द्यायचं... तेवढं मला दिलेलं नाय."

"नुसतं हो म्हणा."

"खोटं हो घेऊन कुठं जाशील?"

मी रडले. त्यांनी डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना केली, बराच वेळ. मागितलं सगळं, पण देवाच्या वतीनं कबूल काही केलं नाही. नंतर मी हंडा भरायला वाकले आणि रडण्याच्या भरात करवंटी तळाला घासली. पाणी खालच्या मातीनं लाल झालं. "खरवडू नको," काका म्हणाले. "पाझर बुजतो. मागच्यासाठी करवंटीभर सोड." आमच्याकडे ती रीतच आहे, तळ कुणी कोरडा करायचा नाही.

आता तिकडे ओहोळ भरून वाहत असेल, डवरा बुजला असेल. इथे खोलीत नळाला पाणी येतं, तरी बादलीच्या तळाशी तांब्याभर सोडते. नवरा विचारतो, "कुणासाठी ठेवलंस?" मला सांगता येत नाही. शास्त्रातल्या त्या बाळात माझ्या बाळासाठी काय आहे, हे परत विचारायचं राहिलं होतं... आता कुणाला विचारू? दुपारी पोटातलं बाळ हललं नाही की जीव घाबरा होतो. दाबून बघावं, हलवावं असं वाटतं. "खरवडू नको..." मग हात नुसता ठेवते, आणि डवऱ्याच्या काठावर बसायचो तशी बसून राहते.