कुठले मालक?

घोषणा देण्याआधी रेवणअण्णा उजव्या कानात बोट घालायचे. "सोताचा आवाज ऐकला की मानूस भितो," असे त्यांचे म्हणणे. सोलापुरात त्यांचे किराणा दुकान होते. पण लोक त्यांना ओळखत ते वर्षानुवर्षे सत्तेत असलेल्या पक्षाचा आवाज म्हणून. सभेतली पहिली घोषणा त्यांची. वार्ताहर म्हणून त्यातल्या बहुतेक सभा मी ऐकल्या.

पक्षाच्या जिल्ह्यातल्या नेत्याला सगळे 'मालक' म्हणत. मालक वारले आणि पक्षात दोन गट पडले. शहर मुलाच्या मागे गेले, करमाळ्याकडचा भाग पुतण्याच्या. दोन्ही गट आपापल्या नेत्याला 'मालक'च म्हणू लागले. गेलेले झाले 'थोरले मालक'. बातमीत आडनाव लिहून फरक दाखवावा, तर आडनावही एकच.

शोकसभेला दोघे शेजारी बसले होते. अण्णांनी कानात बोट घातले आणि आरोळी दिली, "मालक, आगे बढो!"

मुलगा हात जोडून उभा राहिला. पुतण्याही उभा राहिला. "हम तुम्हारे साथ हैं!" लोक गरजले. कुणाला, ते कळले नाही.

अण्णांच्या दृष्टीने प्रश्न सुनेचा होता. सुनंदा वॉर्डात पाण्यासाठी, गटारांसाठी राबत होती. महापालिकेचे तिकीट तिलाच, असे थोरल्या मालकांनी सांगून ठेवले होते. आता मुलाच्या गटातून फोन आला, "अण्णा, कुठल्या मालकांना म्हणालात?"

"मालकांनाच की!"

पुतण्याच्या माणसांनाही तेच उत्तर. "लई हुशार झालात," ते म्हणाले. मुलाच्या गटाने त्यांना पुतण्याचे ठरवले, पुतण्याच्या गटाने मुलाचे. सुनंदाला तिकीट कुणीच दिले नाही.

त्या दिवशी मी दुकानात गेलो, तेव्हा ती सासऱ्यांना विचारत होती, "मामा, आता तरी सांगा. कुठले मालक?"

अण्णा शेंगदाणे पाखडत राहिले. मग म्हणाले, "तोंडात थोरले मालक आलं हुतं. पर गेलेला मानूस कुटं फुडं जानार? थोरले गिळलं. मालक तेवढं भाईर पडलं."

"म्हणजे दोघांतलं कुणीच नव्हतं?"

"तसं कसं? समोर दोगंबी दिसत हुते की."

सुनंदाने अपक्ष अर्ज भरला. प्रचाराच्या पहिल्या दिवशी चौकात माइक अण्णांच्या हातात आला आणि ते अडले. उमेदवार बाई असली की तिला ताई म्हणायची रीत. "सुनेला ताई कसं म्हनू वो?" त्यांनी मला हळूच विचारले. "आन् तिचं नाव घेऊन चौकात वरडू का?"

अण्णांनी घसा खाकरला. "सूनबाई, आगे बढो!"

कुणीच उत्तर दिले नाही. सुनेला काय उत्तर द्यायचे, लोकांना कळेना. सुनंदा पदर सावरत खाली बघत राहिली. शेवटी पानपट्टीवरून एकाने विचारले, "अण्णा, कुठल्या गटाची सून वो?"

"गटाची न्हाय," अण्णा माइकमध्येच म्हणाले. "माजी हाय."