शेवटी चढलेली लय

मी लालबागची चाळ सोडली तेव्हा आईने माझी गिटार तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून दिली. जायचं होतं गिरगावात, ट्रामने तासाभराच्या आत. तरी ती जिन्याशी अशी उभी होती, जणू मी आगबोटीने आफ्रिकेला निघालोय. बाबा गिरणीतून येऊन चहा पीत होते. चाळीच्या भजनी मंडळात पखवाज त्यांचा. ते एवढंच म्हणाले, "जातंस तर जा. पन ह्या लाकडाक पखवाजाची सर नाय."

चाळीत राहिलेल्यांनो, आणि पुढे विरार-डोंबिवलीला पांगलेल्यांनो, तुम्हाला वाटायचं मी तिकडे मजेत आहे. मजा कसली. बेनी मास्टरच्या खोलीत आम्ही चौघं बँडवाले दाटीवाटीने राहायचो. सकाळी भाकरीऐवजी पाव, संध्याकाळी उसना कोट घालून हॉटेलात वाजवायचं. बेनी गोव्याचा, पियानोवाला. अमेरिकन खलाशांकडून मिळालेल्या रेकॉर्डी ऐकून तो ब्ल्यूज शिकला होता, तिकडच्या काळ्या मजुरांची संथ, दुखरी गाणी. ती शिकताना माझा हात सारखा पुढे पळायचा. भजनात शेवटी लय चढवायची, टाळ-पखवाज बेभान होईपर्यंत, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. बेनी वैतागायचा, "जल्दी कायको, मॅन? रोने को टाइम लगता है."

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. बाबा एकही मोर्चा चुकवायचे नाहीत आणि मला गिरगावात बसून त्यांचा घोर. आमच्या बँडची पहिली रेकॉर्ड करायला कंपनीने एक दिवस दिला, तोही नेमका मोर्चाचा निघाला. कंपनीच्या साहेबाने आधीच बजावलं होतं, आज झालं नाही तर पुन्हा विचारायला येऊ नका.

रेकॉर्डची पहिली बाजू नीट पार पडली. दुसरी सुरू करणार तोच शिपाई आत आला. "फाउंटनला मोर्चावर गोळी चालली. गिरणीवाली माणसं पडली म्हणतात." गिटार ठेवून मी खाली धावलो, पण पोलिसांनी रस्ता बंद केला होता, कुणालाच सोडत नव्हते. बेनी मागोमाग आला. खांद्याला धरून त्याने मला वर नेलं.

तसाच बसलो आणि वाजवलं. डोळ्यांपुढे बाबांचा पांढरा सदरा. शेवटाकडे आलो आणि हात सुटला. लय चढत गेली, मला आवरेना. ड्रमवाला माझ्यामागे, त्याच्यामागे नाइलाजाने बेनी. गाणं संपलं. साहेब घड्याळाकडे बघत म्हणाला, "राहू द्या असंच."

रस्ता सुटल्यावर भायखळ्यावरून चालत, मधेच पळत, लालबाग गाठलं. बाबा मोरीत बसून अश्रुधुराने सुजलेले डोळे धूत होते. मला बघून म्हणाले, "जेवलंस?" मी उंबरठ्यावरच बसलो आणि रडलो.

काही महिन्यांनी रेकॉर्ड बाजारात आली. मंडळाने कुणाचा तरी फोनो मागून आणला. बाबा भिंतीला टेकून ऐकत होते, चेहरा कोरा. गाणं संथ होतं तोवर तसाच. शेवट आला आणि त्यांची बोटं मांडीवर चालायला लागली. "शेवटाक चढवलंस रे झिला," म्हणाले, आणि परत लावायला सांगितलं. ती लय का चढली, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आता बाबा नाहीत, आई नाही. चाळीच्या जागी टॉवर उभा आहे आणि मी पुरता गिरगावकर झालोय. रेकॉर्ड खरखरते, तरी अधूनमधून लावतो. शेवट जवळ आला की अजून तोच घोर, बाबा घरी पोचले असतील ना? मग लय चढते आणि वाटतं, पोचले. मोरीत डोळे धुतायत. आत्ता मान वर करून विचारतील, जेवलंस?