बंदीपूरचा रथ आणि माझी मान

मंडळी, सुट्टी संपवून कालच बहारीनला परतलो. आज दुपारी इथल्या रिफा शहरातल्या ऑफिसात डबा बाजूला सारून रत्नकाजीला व्हिडिओ दाखवला.

रत्नकाजी माझा सहकारी, नेपाळातल्या बंदीपूरचा. डोंगरमाथ्यावरचं जुनं नेवार गाव ते. फरसबंद रस्ता, दुतर्फा कोरीव लाकडी खिडक्या. तिथे त्याच्या वडिलांची भीमरथी होती. आपण सत्त्याहत्तराव्या वर्षी शांत करतो आणि लाडू खाऊन मोकळे होतो. नेवार शब्दाला जागतात. म्हाताऱ्याला खरोखरच्या रथात बसवतात आणि मुलं-नातवंडं तो रथ गावातून ओढतात.

रत्नकाजीला लीव्ह मिळाली नाही. "दाजू, तुम्ही तिकडे फिरायला निघालाच आहात, तर माझ्या वाटची दोरी ओढा," म्हणाला. दाजू म्हणजे त्यांच्याकडे थोरला भाऊ. माझी कंबर आणि रथ! तरी ओढला.

व्हिडिओ संपल्यावर त्याने विचारलं, "बाबांनी माझी आठवण काढली?"

खरं ते सांगितलं. त्यांना आता धड दिसत नाही. मी दोरी धरली तेव्हा माझ्या टकलावर हात ठेवून ते म्हणाले, "आलास, काजी?" मी होकारार्थी मान हलवली.

"तुझ्या केसांचं काय झालं, हेही विचारलं नाही बघ," मी म्हटलं. तो हसला नाही.

"खलास, दाजू. मी जाऊन आलो. आता ते माझी वाट कशाला बघतील?"

मी बाजूला सारलेला डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला.

माझ्या जागी तुम्ही असता तर मान हलवली असती का?