गुडघ्यांची सबब

माझ्या जुन्या मित्राची पत्नी वारली तेव्हा मी धामणगाव बढ्याला बसायला गेलो नाही, याचे कारण माझे गुडघे, असे आमच्या घरात सर्वमान्य झाले आहे. सूनबाई तसे पाहुण्यांना सांगतात आणि मुलगा मान डोलावतो. ही सबब मायेची आहे, पण खोटी आहे. त्या आठवड्यात मी खामगावच्या बाजारात दोनदा पायी जाऊन आलो होतो.

खरे असे की, बातमी आली तेव्हा मोबाईल माझ्या हातातच होता. मित्राने आणि मी एकाच शाळेत शिकवले. माझ्या नोकरीची पहिली दोन वर्षे वहिनींनी थापलेल्या भाकरीवर निघाली. त्या वहिनींसाठी मी निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर समईचे चित्र टाकून श्रद्धांजलीचा परिच्छेद लिहिला. चांगला उतरला होता. कोणाकोणाचे जोडलेले हात आले, हे पाहण्यात दुपार गेली. उद्या जाऊ म्हणता म्हणता तेरवीही होऊन गेली.

निवृत्तीनंतरच्या एकटेपणाने बाबांना हे मोबाईलचे वेड लागले, असे मुलाचे निदान आहे. तेही मला अमान्य आहे. घर भरलेले होते. नातवंडे समोर खेळत असत आणि मी त्या काचेत डोके खुपसून बसे. अग्रलेख शेवटपर्यंत वाचणे जमेनासे झाले; चौथ्या ओळीला हात खिशाकडे जाई. झोप उडाली. विनाकारण घरच्यांवर खेकसू लागलो. आणि जन्मभर मी लोकांच्या मुलांना एका जागी बसायला शिकवले होते.

महिन्याभराने बसने गेलो. मित्र ओसरीत खाटेवर होता.

"आता काऊन आला बे? तुहा मेसेज तं पोचला होता मले."

"बसायले आलो."

"बस मंग."

अशा भेटीत आमच्याकडे बोलावे लागत नाही. सोबत बसले की पुरते. बराच वेळ बसलो. मग तो आपणहून बोलू लागला.

"त्या दिवशी सकाळी तिनं मले हाक मारली. म्हने..."

माझ्या खिशात मोबाईल थरथरला आणि माझा हात गेला. मी तो काढलासुद्धा. कोणीतरी गुलाबाचे फूल पाठवले होते.

"पाह्य बे, पाह्य," मित्र म्हणाला. "कामाचं असन."

पुढे तो बोलला नाही.

दोघे भेटले, मनातले मळभ गेले, असे आता घरी सांगतात. गेलेले नाही. मी दर गुरुवारी मोबाईल घरी ठेवून धामणगावला जातो. गुडघे आता खरोखरच दुखतात. तो सोयाबीनचे बोलतो, पावसाचे बोलतो, शेजारच्या भांडणाचे बोलतो. वहिनी त्या सकाळी काय म्हणाल्या, ते त्याने अजून सांगितलेले नाही. मी विचारत नाही. बसतो.